मबिया खाला आमच्याकडे राहायला आली तेव्हा

माझ्या नवऱ्याला मुखिया व्हायचं नव्हतं. आमच्या ब्लॉकचे आधीचे मुखिया, कासिम मौलवी, चहाच्या टपरीसमोर भरदिवसा गोळी लागून पडले. टपरी माणसांनी भरलेली होती. पण पोलिसांनी विचारलं तेव्हा कळलं, की प्रत्येक जण नेमका त्याच वेळी खाली वाकून आपल्या चपला शोधत होता. त्यानंतर कितीतरी दिवस ब्लॉकला मुखियाच नव्हता. शेवटी निर्वासितांच्या या कॅम्पच्या ऑफिसातला साहेब आला, सगळ्या पुरुषांना मशिदीसमोर बसवलं आणि विचारलं, "बर्मी आणि बांगला, दोन्ही कुणाला वाचता येतं?" सगळ्यांच्या माना माझ्या नवऱ्याकडे, सैयद आलमकडे वळल्या. झालं.

घरी आल्यावर मी म्हटलं, "येत नाही म्हणायला जीभ झडली होती का तुमची?"

"सगळे माझ्याकडेच बघत होते गं. आणि कुणीतरी व्हायलाच हवं ना."

"कुणीतरी म्हणजे तुम्हीच?"

माझा धाकटा दीर इद्रिस कोपऱ्यात बसून फाटका फुटबॉल शिवत होता, तो हसला. "भाबी, आता तुम्ही मुखियाणबाई. चालताना जरा मान ताठ ठेवा." मी त्याच्यावर पळी उगारली. आईबाप नसलेलं पोर ते. गाव जळत असताना माझ्या नवऱ्यानं त्याला पाठीवर घेऊन चिखल तुडवला होता. आता वीस वर्षांचा झाला होता, आणि इथे तरण्या मुलाचं वय म्हणजे घरच्यांच्या जिवाला घोर.

कॅम्पात आम्ही त्या लोकांची नावं घेत नाही. काही जणांना टेकडीवाले म्हणतो, काहींना नाल्यापलीकडचे. बंदुका दोघांकडेही, आणि दोघं एकमेकांच्या जिवावर उठलेले. आधी ते अंधार पडल्यावर यायचे. मग एक दिवस दुपार कलताना असरची नमाज झाली, मी तांदळाच्या भाकऱ्या भाजत होते, उन्हं अजून ताडपत्रीवर होती, आणि टेकडीवाले तिघे जण सरळ दारात येऊन उभे राहिले. पुढे होता तो चष्मेवाला, मुलींसारखा नाजूक. सलाम करून, चपला बाहेर काढून आत आला. मी चहा ठेवला. न ठेवून सांगते कुणाला.

"भाई," तो सैयद आलमना म्हणाला, "नदीपलीकडे लढाई चालली आहे, तुम्हाला ठाऊकच आहे."

"ठाऊक आहे."

"प्रत्येक ब्लॉकनं दोन तरणी माणसं द्यायची आहेत. आमच्या उस्ताद जोहरचा निरोप आहे. पुढच्या जुम्याला, शुक्रवारी, नमाजानंतर आम्ही न्यायला येऊ."

"मी लोकांना विचारून बघतो."

"विचारायचं काय त्यात? तुम्ही निवडा. तुम्हाला नाही जमलं तर आम्ही निवडू." मग त्यानं इद्रिसकडे पाहिलं. "हा तुमचा भाऊ ना? छान खेळतो. मी पाहिलंय मैदानावर."

जाताना मला म्हणाला, "चहा फार चांगला होता, आपा."

तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली होती.

जी मुलं आधी नेली होती, त्यांच्यातली थोडीच परत आली. लोक सांगायचे, की ज्या फौजेनं आमची घरं पेटवली तिच्याच वर्दीत आमच्या मुलांना उभं करतात, बंदूक कशी धरायची तेवढं शिकवतात आणि सगळ्यात पुढे ढकलतात. खरं खोटं कुणी तपासायचं? ज्यांची मुलं गेली होती त्या बाया काही बोलायच्या नाहीत, त्यावरून आम्ही काय ते समजायचो.

नवऱ्यानं ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. तरी दुसऱ्या दिवसापासून बाया यायला लागल्या. एकीनं अंडी आणली, एकीनं सुकी मासळी. शेजारच्या रोमिदानं आपल्या छपरावरच्या वेलाचा कोवळा दुध्या आणून माझ्यासमोर ठेवला. तिचा शफीक इद्रिसच्याच वयाचा, एकुलता एक. नवरा गावातच मारला गेलेला.

"हे कशाला गं?" मी विचारलं.

"असंच. वेलाला खूप लागलेत."

वेलाला तो एकच होता. मी रोज बघत होते. मी तो परत तिच्या हातात कोंबला तसा तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी दुध्या नाकारला म्हणजे शफीकचं नाव ठरलं, असं तिला वाटलं. मग मी तो ठेवून घेतला. त्या रात्री तो आम्ही शिजवला, पण कुणीच वाढून घेतला नाही.

सैयद आलम ठाण्यावर गेले. अंमलदारानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नावं सांग. लिहून देतो, सही कर. मग बघतो काय ते."

"साहेब, सही केल्यावर मी घरी कसा जाऊ?"

"आलास तसाच. पायांनी."

सही न करताच ते परतले. वाटेत टपरीवाल्यानं हाक मारली, "काय मुखिया, ठाण्यातला चहा कसा असतो? आमच्यापेक्षा बरा?" म्हणजे ते घरी पोचायच्या आत बातमी टेकडीवर पोचली होती.

घरात येऊन ते भिंतीला टेकून बसले. इद्रिस म्हणाला, "दादा, एवढा विचार कसला करतोस? एक मी जातो. एकच शोधावा लागेल."

त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. आणि मग स्वतःच रडायला लागले.

त्या वेळी माझ्या मनात जोहर आला. उस्ताद जोहर नाही. उस्ताद व्हायच्या आधीचा, आमच्या गावचा जोहर. आमच्या घरांमध्ये एक बांबूचं कुंपण होतं फक्त. मक्तबमध्ये आम्ही शेजारी बसून अलिफ-बे गिरवलं होतं. म्हशीला इतका घाबरायचा, की वाटेत म्हैस दिसली की मला पुढे घालायचा. त्याची आई, मबिया खाला, दूरच्या एका कॅम्पात एकटी राहते असं मी ऐकलं होतं. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्यांनी जाऊ दिलं नसतं. मी बुरखा घातला, छत्री घेतली, रोमिदाला बरोबर घेतलं आणि निघाले.

दोन चौक्यांवर अडवलं. "कुठं?" "आजारी खालाला बघायला." रोमिदाच्या हाताला इतका घाम सुटला होता की माझा हात तिच्या हातातून निसटत होता. पायऱ्या चढायच्या, उतरायच्या, परत चढायच्या. विचारत विचारत गेलो. नाव काढलं की लोक नुसतं बोट दाखवायचे आणि आत निघून जायचे.

मबिया खाला दारात कोंबडीला दाणे टाकत होती. वाळून काटकी झाली होती. मी सलाम केला, तशी तिनं मला आवाजावरून ओळखलं.

"सेनुआरा? अब्दू सुताराची?"

"हो खाला."

तिनं मला जवळ ओढलं, माझे गाल चाचपले, मग म्हणाली, "काम असल्याशिवाय माझ्याकडे कुणी येत नाही. बोल."

मी सांगितलं. ती ऐकत होती आणि दाणे टाकत होती. मुठीतले दाणे संपले तरी हात तसाच हलत होता.

"मला मुलगा नाही," ती म्हणाली.

"खाला, निरोप त्याच्याच नावानं आलाय."

"नाव असेल. मी ज्याला जन्म दिला तो नाही राहिला. दोन ईद झाल्या, माझ्या दारात पाऊल नाही त्याचं. माणसाच्या हाती तांदूळ पाठवतो, ते मी शेजाऱ्यांना देते, आणि शेजारी भीतीनं नको म्हणत नाहीत." ती हसली, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "इथे नळावर गेले की बाया बाजूला होतात. आधी तू भर खाला, म्हणतात. माझ्याशी कुणी भांडत नाही गं. वर्ष झालं, एक बाई माझ्यावर ओरडली नाही. असं जगता येतं का कुणाला?"

मग रोमिदा पहिल्यांदा बोलली. "खाला, मला एकच आहे."

म्हातारीनं रिकामा हात लुगड्याला पुसला. "कधी येणार आहेत म्हणालीस?"

"जुम्याला."

ती उठली. एक पातेलं, नमाज पढायची जानमाज, दोन लुगडी एका गोणीत कोंबली. कोंबडी काखेत मारली. "चल."

"कुठं, खाला?"

"तुझ्याकडे. पाहुणी नको का तुला?"

सैयद आलमनी तिला दारात पाहिलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू काय घरात आणलंस हे तुला कळतंय का?"

"तुम्हाला दुसरं काही सुचत असेल तर सांगा. आत्ता परत नेऊन सोडते."

त्यांनी खालाच्या हातातली गोणी उचलून आत ठेवली.

जुम्याच्या दिवशी नमाज सुटली आणि ब्लॉकमधली सगळी दारं बंद झाली. आमचं उघडं होतं. मबिया खाला उंबऱ्यात बसून सुक्या मासळीची डोकी मोडत होती. इद्रिस आणि शफीक आतल्या बाजूला, पडद्यामागे. चष्मेवाला आला, बरोबर चौघे. वळणावरून वर आला आणि थबकला.

"कुणाचा रे तू?" खाला म्हणाली.

त्यानं मान खाली घातली. "खाला, तुम्ही इथे?"

"मी कुठं राहायचं ते तुला विचारून ठरवू? चष्मा लागलाय एवढ्याशा वयात. तुझी आई आहे का?"

"आहे."

"तिच्या हातचं जेवून किती दिवस झाले?"

बरोबरचा एक जण पुढे सरकला, तर यानंच त्याला हातानं मागे ढकललं. आला तसा उतरून गेला. रोमिदा धावत आली आणि खालाच्या पायांशी बसून हमसून हमसून रडली. खाला म्हणाली, "रडतेस काय, मासळी साफ कर. मला बारीक दिसत नाही आता."

ती आमच्याकडे राहिली. माझ्या रांधण्याला नावं ठेवायची, मीठ जास्त म्हणायची, इद्रिसला उशिरा उठतो म्हणून झाडायची. आमच्या ब्लॉकच्या नळावर एका बाईशी तिचं हंड्यावरून कडाक्याचं भांडण झालं, तेव्हा ती संध्याकाळभर खुशीत होती. सैयद आलमना जावईबापू म्हणायची आणि त्यांचं पान स्वतः लावून द्यायची. जोवर ती होती तोवर टेकडीवरून कुणी खाली उतरलं नाही.

पण तिच्या असण्यानंच माझी झोप उडाली. एके दिवशी नळावर एक अनोळखी बाई माझ्या शेजारी उभी राहिली. गोड आवाजात म्हणाली, "तुझ्याकडे पाहुणी आलीय म्हणे. किती दिवस आहे?" ती नाल्यापलीकडची होती. मी म्हटलं, नवऱ्याची खाला आहे, आजारी आहे. "हो का," ती म्हणाली. "जपा हं तिला." मी हंडा अर्धाच भरून निघाले.

मग ठाण्यावरून बोलावणं आलं. अंमलदार या वेळी सैयद आलमना बसा म्हणाला. "जोहर आईला भेटायला येईलच कधी ना कधी. आला की आम्हाला कळव. तुझं भलं होईल." एकीकडे टेकडीवाले, एकीकडे नाल्यापलीकडचे, वरून पोलीस. आमच्या एवढ्याशा झोपडीवर सगळ्यांची नजर. माझा नवरा रोज बारीक होत चालला होता. एकदा खालासमोर बसून म्हणाले, "खाला, तुम्हाला जा म्हणवत नाही, आणि राहा म्हणायची हिंमत होत नाही."

"माहीत आहे, जावईबापू," ती म्हणाली. "मलाही तेच होतंय."

एका दुपारी पुरुष रेशनच्या रांगेत होते. मी तांदूळ निवडत होते, खाला जानमाजवर बसली होती. फाट असा आवाज झाला. ताडपत्रीला बोट जाईल एवढं भोक पडलं, आणि समोरच्या बांबूच्या चिरफळ्या उडाल्या. गॅसच्या सिलिंडरपासून हातभर अंतरावर. मी खालावर आडवी पडले. बाहेर लहान मुलं किंचाळत होती. मग सगळं शांत.

खाला माझ्या अंगाखालून म्हणाली, "कुठून आली?"

"कळलं नाही."

ते कधीच कळलं नाही. नाल्यापलीकडून, की टेकडीवरच्याच कुणाला जोहरनं आईपुढे नमतं घेतलेलं खपलं नाही म्हणून, की कुणाच्या हातून चुकून सुटली. सैयद आलमनी त्या भोकाला आतून चिंधी लावली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी पाऊस पडत असताना जोहर आला. एकटा. लुंगी, जुना सदरा, हातात काळी छत्री. रस्त्यात दिसला असता तर मी ओळखलं नसतं. दाढीत पांढरे केस आले होते. सैयद आलम दारात उभे राहिले. तो त्यांना म्हणाला, "घाबरू नका. मी आईला न्यायला आलोय." माझ्याकडे पाहून नुसतं, "सेनुआरा, बरी आहेस?" म्हणाला, आणि माझ्या तोंडून सवयीनं, "हो, तू?" असं निघून गेलं.

खाला उठली नाही. "कुठं न्यायला आलास?"

"सुरक्षित जागी. काल गोळी आली इथे."

"गोळी आली तेव्हा या पोरीनं मला अंगाखाली घेतलं. तू कुठं होतास?"

"अम्मा, वेळ नाही. खाली माणसं उभी आहेत."

"इथून कुणाला नेणार?"

पडद्यामागे इद्रिस होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, म्हणजे जोहरलाही येत असणार.

"माझ्या डोक्यावर हात ठेव," खाला म्हणाली, "आणि सांग, कुणालाच नेणार नाही."

"तसं सांगता येणार नाही मला. माझ्याही वर कुणीतरी आहे. माणसं नाही दिली तर मला ठेवणार नाहीत ते."

"मग मला मुलगा नाही, हेच बरं."

त्याचा चेहरा त्या म्हशीला घाबरणाऱ्या पोरासारखा झाला. क्षणभरच. मग तो खाली बसला, आईच्या डोक्यावर हात ठेवला. "या ब्लॉकमधून नाही नेणार. एवढंच माझ्या हातात आहे."

"या ब्लॉकमधून," ती म्हणाली.

"एवढंच, अम्मा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काय करायला हवं होतं? एवढ्यानं भागणार नाही, असं म्हणायला हवं होतं का? पडद्यामागे माझा दीर होता, शेजारच्या झोपडीत शफीक होता. मी मान खाली घातली. खाला उठली. गोणी भरली, कोंबडी घेतली, सैयद आलमच्या गालावरून हात फिरवला आणि मुलाच्या छत्रीखाली पायऱ्या उतरून गेली. माझ्या नवऱ्यानं ठाण्यावर काही कळवलं नाही. मीही विचारलं नाही.

आमच्या ब्लॉकमधून कुणाला नेलं नाही. पावसाळा संपायच्या आत शेजारच्या ब्लॉकमधून दोघांना नेलं. त्यातला एक तिथे राहणाऱ्या नूरनाहार नावाच्या बाईचा मुलगा रफीक. त्याच्या बायकोच्या हातावरची लग्नातली मेंदी अजून गेली नव्हती.

नूरनाहार माझ्याकडे आली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "ती म्हातारी कुठं राहते तेवढं दाखव. मीही तिला पाहुणी म्हणून घेऊन येते. माझ्याकडे जागा आहे."

मी तिला घेऊन गेले. खालाच्या त्या जुन्या झोपडीत दुसरंच कुटुंब राहत होतं. मबिया खातून कोण, आम्हाला माहीत नाही, म्हणाले. शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. नूरनाहार प्रत्येक दारावर थाप मारत होती आणि सांगत होती, "मला फक्त तिला जेवायला बोलवायचंय." मी तिला ओढत परत आणलं.

मबिया खालाचा पुढे काहीच पत्ता लागला नाही. नदीपलीकडे गेली म्हणतात, कुणी म्हणतं वारली. रफीकचा एकदा फोन आला होता, मागे खूप आवाज होता, काही समजलं नाही. त्यानंतर नाही. सैयद आलमनी साहेबाला सांगितलं, मला मुखियापद नको. साहेब म्हणाला, दुसरा शोधून आण. दुसरा मिळत नाही. इद्रिस आता दूरच्या नातेवाईकांकडे झोपायला जातो, कधी एका ठिकाणी, कधी दुसऱ्या. फुटबॉल खेळायचं त्यानं सोडलंय.

नूरनाहार मधूनच येऊन बसते. मी चहा देते, ती पिते. मागच्या आठवड्यात तिनं विचारलं, "जोहर तुमच्याकडे आला, त्या दिवशी तुझा दीर घरातच होता ना?"

"हो."

"माझाही त्या दिवशी घरातच होता, तुमच्या शेजारच्या ब्लॉकात," ती म्हणाली. "पाऊस होता म्हणून."